जानमाजेपुरती जागा

२०२० च्या रमजानला मशिदी बंद होत्या. २४ एप्रिलच्या रात्री पहिली तरावीह घरातच पढायची होती. सोलापुरातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात चौघांनी उभं कुठे राहायचं, हा प्रश्न मला प्रथमच पडला. कणीक मळणाऱ्या बायकोला मी सहज विचारलं, "तू रोज कुठे पढतेस?"

"जिधर जागा मिली उधर," ती म्हणाली.

लग्नाला तेव्हा सतरा वर्षं झाली होती. नमाजेच्या वेळी मी एकतर मशिदीत, नाहीतर शाळेत. माझ्यासाठी सफ आयती अंथरलेली, डोक्यावर पंखा, शेजारी शांतता. ती मात्र फ्रिज आणि ओटा यांच्यामधल्या पट्ट्यात जानमाज अंथरायची. मुलं पाणी घ्यायला समोरून जातात म्हणून पुढे सुतरा म्हणून प्लास्टिकचं स्टूल. सजद्यात डोकं फ्रिजच्या दाराला लागेल इतकी अडचण. सलाम फेरला की थेट गॅसकडे. तो महिनाभर मी हे रोज पाहिलं. घरांची कबरस्तानं करू नका, घरातही नमाज पढा, ही पैगंबरांची (स.) शिकवण मी कितीदा ऐकलेली. पण घरात ती पढायला जागा आहे का, हे पाहायचं कधी सुचलं नाही.

जानमाज असते साधारण सव्वादोन फूट रुंद आणि साडेतीन-चार फूट लांब. घरात तेवढी मोकळी जागा एकच निघाली असती, ती म्हणजे आतल्या खोलीतल्या खिडकीजवळच्या माझ्या टेबलाची. त्यावर उत्तरपत्रिका, शब्दकोश आणि चार वर्षं न उघडलेल्या फाइली. खरं सांगतो, दोन दिवस मी दुसरी जागा शोधत होतो. ईदनंतर टेबल बाहेरच्या खोलीत गेलं, चपलांच्या मांडणीशेजारी.

किब्ला आम्ही आजवर पश्चिमेची भिंत धरून ठरवत होतो. २८ मेच्या आसपास दुपारी २.४८ ला सूर्य बरोबर काबागृहाच्या माथ्यावर येतो. त्या क्षणी सूर्याची दिशा तीच किब्ल्याची दिशा. मुलाला घेऊन गच्चीवर गेलो, दोरीला दगड बांधून ओळंबा सोडला, सावलीवर खडूची रेघ मारली. सावली सूर्याच्या उलट पडते, तेव्हा रेघेचं दुसरं टोक किब्ल्याचं, हे समजावण्यात माझी तारांबळ उडाली. शेवटी भाषेचा मास्तर! मग कठड्याशी होणारा कोन कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजला. आपल्याकडून किब्ला पश्चिमेपासून थोडा उत्तरेकडे येतो. साधारण दिशा पुरते असं उलेमा सांगतातच, पण मुलाला ते मान्य नव्हतं. त्यामुळे आमची जानमाज भिंतीला तिरकी असते.

बाकी काही केलं नाही. समोरचं कॅलेंडर काढलं. नक्षीदार चादरीने नमाजेत लक्ष गेलं म्हणून पैगंबरांनी (स.) ती परत पाठवल्याचं हदीसमध्ये आहे, तेव्हा मखमली, मिनारवाली जानमाज घडी करून ठेवली आणि साधी हिरवी घेतली. एक फळी, तिच्यावर रेहल आणि तस्बीह. खिडकीला जुन्या ओढणीचा पडदा. बाजारात यासाठी दिवे, अत्तरदाण्या, काय काय मिळतं. मुलीला ते सगळं हवं होतं. बायको म्हणाली, "धूळ कौन पोछेगा?"

आणि मग व्हायचं तेच झालं. इशानंतर त्या कोपऱ्यात गार वारा येतो म्हणून मी फोन घेऊन तिथेच बसू लागलो. मुलगा पाठांतराला तिथे. पंधरा दिवसांनी मुलगी म्हणाली, "अब्बू, अम्मी फिर किचन में पढ रही."

मी काही बोललो नाही, शरम वाटली. दुसऱ्या दिवसापासून माझी नमाज बाहेरच्या खोलीत. नोव्हेंबरात मशिदी उघडल्या, मी परत सफेत जाऊ लागलो. कोपरा तिचा राहिला.

परवा असरनंतर घरी आलो. ती तिथेच बसली होती. हातात तस्बीह नाही, ओठ हलत नव्हते, नुसती खिडकीकडे बघत होती. ओट्यावर कुकरची तिसरी शिट्टी झाली. तिने मान वळवली नाही. मी आत जाऊन गॅस बंद केला.