चामडं सावलीत वाळतं

मराठवाड्यात चामड्याचे दोन वैरी आळीपाळीनं येतात. वैशाखात नांदेड-लातूरचा वारा इतका कोरडा होतो की कपाटातली पर्सही आतल्या आत सुकते आणि पट्टा जिथं वाकतो तिथं बारीक भेगा पडतात. मग आषाढ लागतो, भिंती ओल धरतात, आणि त्याच पर्सवर पांढरट-हिरवी बुरशी चढते. उन्हाळ्यानं उघडलेल्या भेगांतून पावसाळा आत शिरतो.

माझ्याकडे आत्याची पर्स आहे. तपकिरी, दोन कप्प्यांची, पितळी कडीची. लातूरच्या गंजगोलाईतून घेतलेली. आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. कंधार, लोहा, मुखेड अशा बदल्या होत गेल्या आणि पर्स एसटीतून तिच्यासोबत फिरत राहिली. अस्तराच्या शिवणीतून अजूनही खडूची भुकटी निघते. ती मी पूर्ण झाडत नाही.

बाकीचं मात्र झाडते. पाऊस सरला, आश्विनातली उघडीप मिळाली की अंगणात बसते. पर्स रिकामी करायची, अस्तर ओढून बाहेर काढायचं, मऊ ब्रशनं शिवणींतली धूळ काढायची. बुरशी असेल तर नाकाला रुमाल बांधायचा, आणि हे काम घरात करायचंच नाही, नाहीतर उडालेली बुरशी दुसऱ्या चामड्यावर जाऊन बसते. मग घट्ट पिळलेलं सुती फडकं आणि सौम्य साबणाचा नुसता फेस. आधी पट्ट्याच्या खालच्या अंगाला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, रंग उतरतो का ते बघायचं. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेल्या पाण्यावर लातूरनं तहान भागवली. वाटीभर पाण्यात काय काय निभतं हे या गावाला शिकवावं लागत नाही. पर्सला तर वाटीसुद्धा जास्त होते.

पुसून झालं की सावली. लवकर वाळावी म्हणून पर्स उन्हात ठेवण्याचा मोह फार होतो, आणि तिथंच जुनं चामडं कायमचं हातचं जातं. चामडं म्हणजे तंतूंचं जाळं. त्या तंतूंमधला स्निग्धपणा उन्हानं उडाला की तंतू एकमेकांना चिकटून ताठ होतात आणि वाकवलं की तुटतात. तेल किंवा क्रीम द्यायचं ते या तंतूंसाठी. चकाकी नंतर आपोआप येते. घरात हाताशी असतं खोबरेल, पण ते थंडीत गोठतं, पुढं खवट होतं, आणि त्यावर धूळ बसते. जवस आणि करडईची तेलं हवेत सुकून कडक होतात. त्यापेक्षा चामड्यासाठी मिळणारं मेणाचं क्रीम बरं. फडक्याच्या टोकावर अगदी थोडं घ्यावं, गोल गोल चोळावं, रात्रभर मुरू द्यावं, सकाळी जास्तीचं पुसून टाकावं. भेगा बुजत नाहीत, पण वाढायच्या थांबतात. हात लावताच बोटाला लालसर भुकटी येऊ लागली असेल तर चामडंच आतून सडलेलं असतं. तिथं कुठलंच तेल चालत नाही.

करडई पर्सला नको म्हटलं, तरी आमच्याकडच्या चामड्याशी तिचं नातं जुनं आहे. करडईचं बी उष्णतेनं जाळून त्यातून काळं, चिकट तेल काढायचे, आणि ते विहिरीवरच्या दोरांना, सतत पाण्यात भिजणाऱ्या चामड्याला लावायचे. इंजिनं आणि विजेचे पंप येण्याआधी शेत भिजायचं ते मोटेवर. मोट म्हणजे चामड्याची भली मोठी पिशवीच. आत्याच्या पर्सचं कूळ शोधायचं तर मी त्या मोटेपाशी जाऊन थांबते.

मोटेच्याही मागं तरवड आहे. पिवळ्या फुलांचं हे झुडूप मराठवाड्याच्या माळरानावर कुणी न लावता वाढतं. त्याच्या सालीनं कातडं कमावलं जाई. चुन्यात ठेवून केस काढलेलं कातडं सालीच्या पाण्यात मुरवायचं. मग त्याच्या कडा शिवून पिशवी करायची, आत सालीचा चुरा आणि पाणी भरायचं, आणि ती तीन लाकडांच्या तिकटीला टांगायची. पाणी कातड्यातून झिरपत खालच्या भांड्यात पडायचं, ते उचलून पुन्हा वरून ओतायचं. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगायची. म्हणजे असं कमावलेलं प्रत्येक कातडं चप्पल किंवा मोट होण्याआधी एकदा पिशवी होऊन गेलेलं असे.

हे सगळं दुर्गंधीत, चुन्यानं सोललेल्या हातांनी करणारे लोक ढोर आणि चर्मकार समाजातले होते. त्यांनी घडवलेल्या मोटेचं पाणी गावानं पिकाला दिलं आणि त्यांचा स्पर्श विटाळ मानला. याबद्दल संताप वाटल्याशिवाय मला चामड्याला हात लावता येत नाही. लातूरच्या आग्नेयेला, राज्याच्या सीमेपलीकडे बसवकल्याण आहे. तिथं बाराव्या शतकात शरण म्हणवणाऱ्या बसवेश्वरांच्या अनुयायांमध्ये ढोर कक्कय्या होते, चर्मकार हरळय्या होते. हरळय्यांच्या मुलाचं लग्न ब्राह्मण मधुवरसांच्या मुलीशी लागलं, आणि त्यापायी दोन्ही बापांना देहदंड झाला, असं परंपरा सांगते. कातडं कमावणाऱ्या हातांना बरोबरीचं मानण्याची किंमत त्या काळी एवढी होती.

आणि नांदेडमध्ये सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या जोडाघरात उभं राहून बघावं. चांगल्या घरची, शिकलेली माणसं अनोळखी भाविकांची पायताणं दोन्ही हातांनी घेतात, पुसतात, जपून ठेवतात. धुळीनं भरलेलं चामडं पुसणं ही तिथं सेवा आहे. माझ्या दृष्टीनं या दोन जिल्ह्यांतलं चामड्याबद्दलचं सगळ्यात शहाणं वागणं ते आहे.

पर्स ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, आत ओल साचते. जुन्या सुती साडीत गुंडाळा. आकार टिकावा म्हणून आत मऊ कापड भरा. वर्तमानपत्र भरू नका, त्याची शाई अस्तराला लागते. डांबराच्या गोळ्या चामड्याला टेकू देऊ नका, आणि कडुलिंबाचा पाला ठेवायचा तर कडकडीत वाळलेलाच. श्रावणात अधूनमधून पर्स बाहेर काढून सावलीत वारा द्या.

शिवण उसवली असेल तर मात्र घरची सुई बाजूला ठेवा. शिलाई मशीन जुन्या चामड्याला नवी भोकं पाडतं आणि पुढं त्याच रेषेवर ते फाटतं. गंजगोलाईच्या रस्त्यांवर किंवा नांदेडच्या वजिराबादेत, जिथं कुणी आरी आणि मेण लावलेला दोरा घेऊन बसलेले मामा दिसतील, त्यांच्याकडे जा. ते जुन्याच भोकांतून, दोन्ही बाजूंनी दोरा ओवून शिवतात. काम होईपर्यंत शेजारी बसा, बघा, आणि ते सांगतील त्या पैशांत घासाघीस करू नका.