बोट लागणे

मराठीत ‘बोट लागणे’ याचे दोन अर्थ आहेत. बोट धक्क्याला लागते आणि बोट माणसाला लागते. आमच्या आईच्या बाबतीत ही दोन्ही कामे एकदमच उरकायची. भाऊच्या धक्क्याला ‘रोहिणी’ किंवा ‘चंद्रावती’ लागली रे लागली, की इकडे आईला बोट लागलेली असायची. अजून फळीसुद्धा टाकलेली नसायची. पण आई लिंबू नाकाशी धरून “आता देवगडापर्यंत माझ्याशी कुणी बोलू नका” असे जाहीर करून मोकळी व्हायची. त्यात धक्क्यावरचा कुणीतरी पोक्त गृहस्थ ‘रामदास’ची आठवण काढायचाच. १९४७ च्या जुलैत ती बोट रेवसच्या वाटेवर बुडाली आणि सहाशेच्या वर माणसे गेली, ही हकीकत बोटीत पाय ठेवणाऱ्याला ऐकवणे हे त्या काळी पुण्यकर्म समजत असावेत.

अशा मातेच्या पोटी जन्मलेला मी आज पाच क्रूझ केलेला माणूस आहे. ‘केलेला’ हा शब्द नीट ध्यानात घ्या. बोटीने जातात; क्रूझ ‘करतात’. सत्यनारायण, बायपास आणि क्रूझ या करण्याच्या गोष्टी आहेत.

माझ्या क्रूझांमागे हौस नाही, सौभाग्यवतींचे गुडघे आहेत. युरोपच्या सहलीत चौथ्या दिवशी त्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. एका कॅथीड्रलच्या तिसऱ्या पायरीवर ही बसली ती उठेना. “तुम्ही या जाऊन. मला देव इथूनच दिसतो,” म्हणाली. तेव्हा मुलीने सुचवले, की बाबा, आईला क्रूझवर न्या. बॅग एकदाच उघडायची. पुढे गावेच आपल्या खिडकीशी येतात.

पहिली केली सिंगापूरहून, रॉयल कॅरिबियनची. हिला बोट म्हणायला माझी जीभ अजून रेटत नाही. भिंती चढायची सोय आहे, आणि माणसे सुट्टी घेऊन, पैसे मोजून तिथे भिंती चढतात. याच कंपनीची २०२४ साली निघालेली ‘आयकॉन ऑफ द सीज’ दोन लाख अठ्ठेचाळीस हजार टनांची आहे. टायटॅनिक होती सेहेचाळीस हजारांची. आता हे टन वजनाचे नसतात, बोटीच्या पोटातल्या जागेचे असतात, ही माहिती मी सोसायटीत आजवर सहा जणांना दिली आहे. सहाही जणांनी विषय बदलला.

आमची खोली आतल्या बाजूची. म्हणजे स्वस्त. पण खिडकीच्या जागी भिंतभर पडदा होता आणि त्यावर बाहेरचा समुद्र कॅमेऱ्यातून जसाच्या तसा दिसत होता. मी त्या विज्ञानाने थक्क होऊन उभा राहिलो. ही म्हणाली, “आधी तो बंद करा. कपडे बदलायचेत.”

या कंपनीत एका रात्रीला एक गुण मिळतो. तीन रात्रींत माणूस ‘गोल्ड’ होतो, तीस रात्रींत ‘प्लॅटिनम’, मग एमराल्ड, डायमंड असे चढत चढत सातशे रात्रींनी ‘पिनॅकल’. सातशे! जेवणाच्या टेबलावर शेजारी बसलेला अनोळखी माणूस ‘नमस्कार’ न म्हणता आधी “ही तुमची कितवी?” असे विचारतो. हा प्रश्न मी पूर्वी फक्त बाळंतिणींच्या खोलीत ऐकला होता. मी चार रात्रींत गोल्ड झालो. आयुष्यात कुठल्याही परीक्षेत मला इतक्या लवकर असे काही मिळाले नव्हते.

दुसरी अलास्काची, हॉलंड अमेरिकाची. मुलगी सिएटलला असते, तिथूनच निघालो. १८७३ साली रॉटरडॅममध्ये निघालेली ही कंपनी, आणि काही प्रवासी तेव्हापासूनचे असावेत असे पहिल्या रात्री वाटले. सगळीकडे काठ्या, वॉकर, कानातली यंत्रे. नऊ वाजता सामसूम. लिफ्टमध्ये रोज नवा गालिचा, त्यावर वार विणलेला. आज मंगळवार आहे हे माणसाला पायाखाली बघून कळावे, ही सोय ज्याला सुचली त्याने म्हातारपण जवळून पाहिले असले पाहिजे. आमच्या हिला तर ही बोट फारच मानवली. एका नव्वदीच्या आजोबांनी तिला “यंग लेडी, आधी तुम्ही,” म्हणून लिफ्टमध्ये शिरायला वाट करून दिली, तेव्हापासून दोन दिवस गुडघे दुखले नाहीत. ग्लेशियर बे आला तेव्हा नॅशनल पार्कचे रेंजर बोटीवर चढले आणि ध्वनिक्षेपकावरून हिमनद्यांबद्दल सांगू लागले. बर्फाचा एक कडा बंदुकीसारखा आवाज करून पाण्यात कोसळला. ही कठड्याला धरून पाऊण तास उभी होती. कुणाच्या आधाराशिवाय. मी बर्फाकडे कमी आणि तिच्याकडे जास्त पाहिले, पण हे तिला सांगितलेले नाही.

परत येताना रात्री कॅनडातल्या व्हिक्टोरिया बंदरात शिरलो. का? तर अमेरिकेचा १८८६ सालचा एक कायदा आहे. परदेशात नोंदलेल्या बोटीला अमेरिकेतल्या अमेरिकेत उतारूंची ने-आण करता येत नाही. म्हणून फेरीत एका परक्या बंदराला पाय लावायचा. लांबच्या लग्नात आहेराचे पाकीट देऊन न जेवता परत यावे, तसे आम्ही व्हिक्टोरियाला जाऊन आलो.

तिसरी आणि चौथी भूमध्य समुद्रातली. त्या कंपनीचे नाव घेत नाही. जाहिरातीत ‘सर्व समाविष्ट’ होते. शेवटच्या पहाटे दाराखालून एक कागद आत सरकला. त्यात नोकरांची बक्षिसी माणशी, रोजची, इंटरनेट, दिवसाचे, आणि ही एकदा चुकून ज्या बाटलीतले पाणी प्यायली ती बाटली. कागद वाचून मला बोट लागली. आईच्या भाषेतली.

एवढ्या अनुभवावर मी तुलना करू लागलो. सोसायटीत कुणीही “कुठली कंपनी चांगली हो?” म्हणून आला, की मी मान तिरकी करून सांगायचो: नातवंडे असतील तर ही, दुखणी असतील तर ती, कोट असेल तर क्युनार्ड. (माझ्याकडे कोट आहे, पण तो लग्नातला आहे.) मग एक दिवस वाचनात आले, की हॉलंड अमेरिका १९८९ साली आणि क्युनार्ड १९९८ साली, दोन्ही कार्निव्हलने विकत घेतल्या. म्हणजे मी इतके दिवस जावाजावांत डावे-उजवे करत होतो आणि सासू एकच! आणि ही सासू तरी कशी? १९७२ साली कार्निव्हलची पहिली बोट ‘मार्डी ग्रा’ पहिल्याच सफरीत मायामी बंदराच्या तोंडाशी वाळूत रुतून बसली होती. हे वाचल्यापासून मला त्या कंपनीबद्दल जरा आपलेपणा वाटू लागला आहे. रुतण्यातले आम्हाला कळते.

कारण आमच्या देवगडात बोट धक्क्यापर्यंत यायचीच नाही. बाहेर समुद्रातच उभी राहायची. रात्र झालेली. खालून पडाव यायचा, लाटेबरोबर वरखाली व्हायचा, आणि तो वर आला की नेमक्या क्षणी उडी टाकायची. आधी दादा उतरायचा. माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. मग खालून बॅटरीचा झोत पडावाच्या फळीवर धरून ओरडायचा, “बाळ्या, उजेडात टाक उडी!” मी डोळे मिटून टाकायचो. उजेडाचा उपयोग काय झाला देव जाणे, पण दादाने मला कधी पाण्यात पडू दिले नाही.

हे सगळे सांगायचे कारण पाचवी क्रूझ. कोकणच्या त्या बोटी बंद झाल्या, १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली, आणि मुंबई-गोवा बोटीने जाणे हा विषय आमच्या घरापुरता संपला होता. मग २०२१ साली कॉर्डेलिया सुरू झाली. बोट १९९० साली रॉयल कॅरिबियनसाठी बांधलेली. म्हणजे अमेरिकेत नांदून माहेरपणाला आल्यासारखी आपल्याकडे आलेली. २०२३ च्या डिसेंबरात आम्ही दोघे चढलो. सुटण्याआधी जीव वाचवण्याची कवायत झाली, शिट्टी कुठे, जाकीट कुठे. आई असती तर तिने त्याऐवजी नारळ सोडला असता.

मी मनातल्या मनात हिशेब केला. संध्याकाळी सुटलो की पहाटे अडीचच्या सुमारास देवगड. बोट थांबणार नव्हती. पूर्वी हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशी दर दारात उभी राहणारी ही वाट आता न थांबता गोव्याला जाते. आणि थांबली असती तरी दादाकडे मी कुठल्या तोंडाने उतरणार होतो? वाटणीत खळ्यातल्या फणसावरून आमचे अकरा वर्षे बोलणे नव्हते. फणस एक, भाऊ दोन. फणस कापून वाटला असता तर प्रश्न मिटला असता, पण आम्ही झाडावर भांडलो होतो.

“फोन करा,” ही म्हणाली.

“काय सांगू?”

“देवगडावरून चाललोय म्हणून सांगा. यात भांडणासारखे काय आहे?”

मी फोन केला. दादाने ऐकून घेतले. “थांबणार?” म्हणाला. मी म्हटले, नाही. “मग कशाला सांगतोस?” आणि फोन ठेवला.

रात्री अडीचला मी वरच्या डेकवर गेलो. खालच्या मजल्यावर नाचगाणे चालूच होते. डावीकडे काळोख, आणि त्या काळोखात मिनमिनता, फिरून फिरून येणारा दीपगृहाचा झोत. देवगडचाच. मी कठड्याला धरून उभा. मोबाइलवर रेंजची एकच काडी, तीही येत-जात होती. तेवढ्यात तो वाजला.

“बाळ्या, किल्ल्यावर आलोय. बॅटरी दाखवतोय. दिसते काय?”

सत्तरीच्या पुढचा माणूस, मधुमेह असलेला, पहाटे अडीचला किल्ल्यावर. मी डोळे ताणताणून पाहिले. दीपगृहाखेरीज काहीही दिसत नव्हते.

“दिसते, दादा. स्पष्ट दिसते.”

“खोटारड्या,” दादा म्हणाला. “सेल कधीच संपलेत.”

मग कुणीच काही बोलले नाही. वाऱ्याचा आवाज तेवढा येत होता, त्याच्या बाजूचा का माझ्या, कळत नव्हते.

“तुझी बोट मात्र दिसते हो. नुसती पेटलीय,” तो म्हणाला. “हे बघ, मे महिन्यात फणस पिकतात. तिला घेऊन ये. एसटीने ये. ती थांबते.”