शिट्टी कुठून येते?

एक्सप्रेसवेवर गाडीने 80 चा वेग घेतला की दारातून शिट्टी सुरू व्हायची आणि कानाला मशीन लावणारे बाबा गप्प व्हायचे. मला वाटायचं, रुसलेत. आई म्हणाली, "अगं, त्यांना ऐकूच येत नाही."

मग दारांच्या फटींवर मास्किंग टेप लावली. शिट्टी बंद! प्रत्येक फेरीनंतर एकेक पट्टी काढली. बाबांच्या दाराची वरची पट्टी काढताच शिट्टी परतली. तिथे कागद ठेवून दार लावलं, तर तो अलगद निसटला. रबर चपटं झालं होतं. मेकॅनिककाकांनी नवं बीडिंग बसवलं.

परवा बडोद्याहून अहमदाबादला जाताना बाबांनी विचारलं, "नोकरी कशी चाललीय?" नडियाद कधी गेलं, कळलंच नाही.