धक्का मारणारे आणि नट खोलणारे

दोस्तहो, आपल्याला धक्का मारायला कायम बोलावतात. मोर्चाला गर्दी कमी पडली, बोलवा वस्तीतल्या पोरांना. पुढाऱ्याची गाडी चिखलात रुतली, बोलवा. गाडी चालू झाली की आपल्या तोंडावर धूर सोडून निघून जाते. आपण हात पुशीत रस्त्यावर. आत यंत्र कसलं आहे, ते बंद का पडलं, हे धक्का मारणाऱ्याला कुणी सांगत नाही. आणि खरं बोलायचं तर आपणही विचारत नाही.

मी गिरणीत कामाला, रात्री कविता लिहिणारा. आज लिहितोय ते कवितेबद्दल नाही, इंजिनाबद्दल. आमच्या वस्तीच्या व्हॅनबद्दल.

व्हॅन म्हणजे मारुतीची ओम्नी. ही गाडी 1984 साली रस्त्यावर आली आणि 2019 साली कंपनीनं ती बनवायची बंद केली. आमची नव्वदच्या दशकातली, कार्बोरेटरवाली. किती हात फिरून आली ते तिलाच ठाऊक. घरटी वर्गणी काढून घेतली. कागदावर नाव आमच्या तात्यांचं, पण गाडी सगळ्यांची. रात्री-अपरात्री बाळंतीण न्यायची ती हीच. मेलेलं माणूस गावी पोचवायचं ते हिच्यातच. 14 एप्रिलला हिच्यावर फोटो बसतो. 6 डिसेंबरला पाठीमागची सीट काढून पुस्तकांचे गठ्ठे भरायचे आणि दादर गाठायचं. अँब्युलन्स यायला वेळ लागतो. आमच्या वस्तीचा पत्ता सांगितला की जरा जास्तच लागतो. म्हणून ही गाडी.

उन्हाळ्यात घाटात ती मेली. आत दमेकरी म्हातारी होती. सीटखालून वाफ निघाली, मग खडखड, मग सगळं गप्प. म्हातारीला एका ट्रकवाल्यानं पुढं नेलं म्हणून ती वाचली. गाडी दोर बांधून ओढत आणली.

गॅरेजवाल्यानं काय करावं? ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलली की दिसतं. त्यानं सीट उचललीसुद्धा नाही. कुठली गाडी, एवढं विचारलं. वस्तीचं नाव ऐकलं. म्हणाला, "भंगारात घाला. नाहीतर निम्मे पैसे आधी ठेवा, मग बघू." हात न लावता रोग सांगणारे डॉक्टर आपल्या आज्या-पणज्यांनी पाहिलेत. हा त्याच जातकुळीतला.

तात्या म्हणाले, "आपण खोलू."

तात्यांनी उभी हयात एका वर्कशॉपात काढली. लागले तेव्हा हेल्पर. हेल्पर म्हणजे रॉकेलनं पार्ट धुवायचे, फरशी पुसायची, फिटरच्या हातात पाना द्यायचा. नट फिटर खोलणार. तात्या सांगतात, "मी पाना द्यायचो आन् त्याचा हात बघायचो. हातानं काय केलं ते डोळ्यानं चोरलं." पुढं ते स्वतः फिटर झाले, पण त्यात अर्धं आयुष्य गेलं.

माझंही वेगळं नाही. रिंग खात्यात धागा तुटला की सांधायचा, भरलेल्या कांड्या काढून रिकाम्या लावायच्या, चाललेल्या मशिनीबरोबर चालत राहायचं. मशीन बंद पडली की मात्र म्हणतात, बाजूला हो. जिच्याबरोबर मी रोज आठ तास काढतो, तिच्या पोटात काय आहे ते बघायची मला मनाई.

ही मनाई जुनी आहे. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना विणाईखात्यात घेत नसत. पगार बरा तो तिथंच. कारण काय, तर धोट्यातली कांडी बदलताना धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. महाराचं तोंड लागलेल्या धोट्याला सवर्ण कामगार तोंड कसं लावणार? लाल बावट्याखाली एकत्र घोषणा देणारेच हे कामगार. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी यावर बोट ठेवलं, सगळी खाती आमच्या माणसांना खुली करा म्हणून. जातिसंस्थेवरच्या 1936 सालच्या भाषणात त्यांनी मांडलं तेही हेच, की जात नुसती कामं वेगळी करत नाही, कामगारालाच कामगारापासून तोडते आणि एकावर एक रचून ठेवते. धोट्याला तोंड कुणी लावायचं आणि नट कुणी खोलायचा, हा एकच प्रश्न आहे.

तर आम्ही खोललं. समाजमंदिराच्या पुढच्या मोकळ्या जागेत, सगळ्यांच्या देखत.

माझ्या डोक्यात होतं, भंगारातनं दुसरं इंजिन आणायचं, बसवायचं, मोकळं व्हायचं. तात्यांनी थांबवलं. "दुसरं आणशील रं. पण पहिलं मेलं कशानं ते बघितलंस का? त्याच खाटेवर दुसरा पेशंट निजवायचा आन् म्हणायचं वाचला पाहिजे!"

मग शोध सुरू झाला. ऑइलची काडी बाहेर काढली. ऑइल दुधाळ, चहासारखं. म्हणजे पाणी ऑइलमध्ये उतरलेलं. हेड खोललं तर पॅकिंग जळालेलं, ब्लॉकला तडा. पण हे मरण झालं, मरणाचं कारण नव्हे. कारण पुढच्या बाजूला सापडलं. ओम्नीत रेडिएटर गाडीच्या नाकाशी आणि इंजिन मागं सीटखाली. मधून लांब पाइप जातात. रेडिएटर खाली घेऊन त्यात पाणी सोडलं, ते थेंब थेंब गळायला लागलं. बोअरच्या क्षारानं अर्ध्या नळ्या बंद. थर्मोस्टॅट चिकटलेला. इंजिनाला ताप चढत होता आणि तो उतरायची वाट बुजली होती.

इंजिन आणलं मारुती 800 चं, भंगारात निघालेल्या गाडीतलं. दोन्हींची जात एकच. जात हा शब्द इथं तेवढा चालतो. तीन सिलिंडर, 796 सीसी, बोअर 68.5 मिलिमीटर, स्ट्रोक 72. पण 800 मध्ये ते नाकात आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं. व्हॅनमध्ये ते उभं बसतं, मागं गिअरबॉक्स, त्याच्या मागं लांब शाफ्ट, आणि फिरतात मागची चाकं. म्हणजे काळीज तेच, पण बसायची रीत वेगळी. म्हणून गाडीशी जिथं जिथं जुळायचं ते सगळं जुन्या इंजिनाचं काढून नव्याला लावलं: ऑइलचं चेंबर, त्यातली जाळी, फाउंडेशन, मॅनिफोल्ड, क्लचकडची बाजू. जुनं इंजिन मेलं तरी सगळंच टाकाऊ झालेलं नव्हतं.

कागद मात्र हातात पाना घेण्याआधी केले. पोरांनो, हे नीट वाचा. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. नोंदणीत लिहिलेलं बदलेल असा फेरफार परस्पर करता येत नाही, इंजिन बदलायचं तर नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. भंगारवाल्याकडून पावती घेतली, त्या गाडीच्या कागदांची झेरॉक्स घेतली, इंजिनावरचा नंबर ताडून पाहिला, अर्ज केला. खेटे पडले. पण बिनकागदाचं इंजिन बंगल्यासमोर सापडलं तर ती हौस ठरते आणि आपल्या वस्तीत सापडलं तर चोरी. बाबासाहेबांनी आपल्याला कागदाची ताकद दाखवली ती उगाच नाही.

कामाला सुट्टीचे चार दिवस गेले. पहिल्यांदा बॅटरीची वायर सोडली. पाणी काढलं, ऑइल काढलं, पेट्रोलची नळी बंद केली. मग क्लचची केबल, अॅक्सिलरेटरची केबल, सेल्फच्या वायरी, सायलेन्सरचा पाइप, शाफ्ट. गाडी उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर तात्या कुणाला खाली जाऊ देत नव्हते. "जॅक म्हंजी आश्वासन," म्हणाले, "घोडा म्हंजी आधार." इंजिन खालून जॅकवर तोललं आणि हळूहळू जुन्या टायरवर उतरवलं.

सातवीतली एक पोरगी शाळा सुटली की येऊन बसायची. तिला तात्यांनी काम दिलं, निघालेला प्रत्येक नट डब्यात टाकायचा आणि डब्यावर चिठ्ठी लावायची. तिनं तिच्या अक्षरात लिहिलं: 'सेल्फचे 2', 'फाउंडेशन डावं', 'हाउसिंग वरचे'. शेजारची एक बाई म्हणाली, पोरीची जात, हात काळे करून काय मिळणार? पोरगी म्हणाली, "काकू, धुतले की निघतंय." जोडताना एक नट उरला नाही की कमी पडला नाही. ती नसती तर आमची काय गत झाली असती!

क्लचप्लेट बसवताना अडलं. प्लेट बरोबर मधोमध पाहिजे, नाहीतर गिअरबॉक्सचा शाफ्ट आत शिरत नाही. त्यासाठी वेगळा दांडा मिळतो, आमच्याकडं नव्हता. माझ्या घरात गिरणीतनं फेकलेली फुटकी कांडी होती, एका टोकाला निमुळती. ती घासली, टेप गुंडाळून जाडी जमवली, प्लेटमधून घातली. प्लेट मधोमध आली. रोज हजार वेळा हातातून जाणारी ती कांडी, पहिल्यांदा माझ्यासाठी कामाला आली.

इंजिन बाहेर होतं तोवर टायमिंग बेल्ट, ऑइल सील, वॉटर पंप नवे टाकले. एकदा आत गेल्यावर तिथं हात पोचत नाही. रेडिएटर उघडून साफ करून आणला, थर्मोस्टॅट नवा. प्लगच्या वायरी 1-3-2 या क्रमानं. पाणी भरून झाकण उघडं ठेवलं आणि इंजिन चालू केलं. लांब पाइपांत हवा अडकते, ती बुडबुड्यांनी निघून जाईपर्यंत धीर धरायचा. शेवटी सायलेन्सरचे जोड तपासले. इंजिन माणसांच्या बुडाखाली आहे. धूर आत आला तर त्यातल्या विषारी वायूला ना वास ना रंग. पेशंट न्यायच्या गाडीत हे चालत नाही.

दुसऱ्या सेल्फला चालू झालं. कुणी धक्का मारला नाही. पुढं तपासणी होऊन नवा इंजिन नंबर आरसीवर चढला.

नंतर एक शिकलेला मित्र आला, बघून म्हणाला, "वा, काय जुगाड केलंय!" त्यानं कौतुकानंच म्हटलं, पण मला तो शब्द टोचला. कारखान्यात इंजिन बदललं की इंजिनिअरिंग आणि आमच्या गल्लीत बदललं की जुगाड? आम्ही मापं घेतली, कारण शोधलं, कायदा वाचला. हे ज्ञान आहे. त्याला ज्ञानच म्हणायचं.

आता चळवळीबद्दल. तुम्ही म्हणाल, इंजिनावरून इथं कसा घसरला. घसरलो नाही, इथंच यायचं होतं. 1957 साली रिपब्लिकन पक्ष उभा राहिला, पुढं त्याचे गट किती झाले ते आपण मोजायचं सोडून दिलं. 1972 साली पँथर उठली, 1974 साली तिच्यात फूट. त्यानंतर दर काही वर्षांनी नवं नाव, नवा झेंडा, नवा नेता. दर वेळी आपण नवं इंजिन बसवतो आणि घाटात ते पुन्हा तापतं. जुनं मेलं कशानं, हे उघड्यावर, सगळ्यांच्या देखत, नट खोलून कुणी बघितलं? हिशेबाची वही कुणी मागितली? बाई बैठकीत किती वेळ बोलली? साध्या कार्यकर्त्याचा राग वर पोचायची वाट कुठं बुजली? रेडिएटर तोच ठेवायचा आणि इंजिनाला शिव्या द्यायच्या.

हे बघायचं तर हात काळे करावे लागतात. घोषणा देऊन बोल्ट सैल होत नाही, पाना लावून जोर द्यावा लागतो. आणि पाना एकाच्याच हातात ठेवून चालत नाही. तात्या किती दिवस पुरणार? आता त्या पोरीला डेल्को खोलता येतो. उद्या कुणी तिला म्हणालं बाजूला हो, तर ती विचारील, का?

व्हॅनचा दुसरा गिअर अजून खरखरतो. येत्या सुट्टीला गिअरबॉक्स खाली घेणार आहोत. या. जुने कपडे घालून या. डबे आणि चिठ्ठ्या तयार आहेत, पाने आहेत. धक्का मारायला माणसं नकोत, ती पुष्कळ झाली.

जयभीम.