चिखलोलीची पाणलवंग

अंबरनाथचे शिवमंदिर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. शके 982, म्हणजे इ.स. 1060 मधले ते देऊळ. पण तिथून बदलापूरच्या अंगाला असलेल्या चिखलोलीला मुद्दाम कोण जातो? वाचकहो, पाऊस सरता सरता एकदा सकाळच्या वेळी तिथे जाच. कारखाने आणि नव्या इमारती यांच्या शेजारी चिखलोलीचे लहानसे धरण आहे. त्याच्या काठच्या ओलीत, ओढ्यालगत किंवा भातखाचराच्या बांधाखाली कमरेएवढे एक झाड शोधा. अरुंद पाने, तांबूस खोड आणि चार पाकळ्यांचे पिवळेधमक फूल. हीच पाणलवंग.

परदेशातल्या बागांत सायंकाळी उमलणारे ईव्हनिंग प्रिमरोज नावाचे पिवळे फूल असते. पाणलवंग त्याच कुळातली. ते फूल मूळचे अमेरिकेचे. हॉलंडचे शास्त्रज्ञ ह्यूगो द व्ह्रीस यांनी 1886 साली हिल्व्हरसुमजवळच्या एका पडीक शेतात त्याची रानटी रोपे पाहिली आणि त्यांच्या अभ्यासातूनच पुढे उत्परिवर्तनाचा सिद्धांत मांडला. आपली पाणलवंग मात्र सकाळी फुलते आणि दिवस कलण्याआधी पाकळ्या गाळून मोकळी होते.

फुलाखालचा लांबट देठ नीट पाहा. तो नुसता देठ नव्हे, ते बोंड आहे. पाकळ्या गळतात, पण चार हिरवी दले बोंडाच्या टोकावर तशीच राहतात आणि ते हुबेहूब लवंगेसारखे दिसते. नाव पडले ते यावरून. खरी लवंग जांभळाच्या कुळातली.

चिखलात हवा फार थोडी, म्हणून पाण्यात बुडालेल्या भागावर तिला पांढरी, स्पंजासारखी मुळे फुटतात आणि त्यांतल्या पोकळ्यांतून हवा खेळते. भातही मुळांपर्यंत हवा पोचवतो ती अशाच पोकळ्यांतून. म्हणूनच या दोघांना एकच जागा मानवते.

आता शेतकऱ्याचा प्रश्न. खाचरात ती तणच, तिथे दया नको. एका बोंडात धुळीसारखे असंख्य बी असते आणि ते पाण्याबरोबर दूर जाते. म्हणून बेणणी करताना बोंडे पिकण्याआधीच उपटा आणि उपटलेली झाडे पाटात किंवा ओढ्यात टाकू नका. मात्र तळ्याच्या, ओढ्याच्या काठची पाणलवंग राहू द्या. तिथे ती कोणाच्या ताटातले घेत नाही. तिची मुळे ओली माती धरून ठेवतात आणि फुलांवर मधमाश्या येतात.

अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मध्ये चिखलोलीचे नवे रेल्वेस्थानक उभारण्याचे काम हाती घेतलेले आहे. स्थानक आले की वस्ती वाढणार. घरे हवीत, गाडीही हवी, त्याला कोण नाही म्हणेल? पण पाणलवंग उगवते ती पाणी मुरते, थांबते तिथे. ती जागा भराव घालून बुजवली की पावसाचे पाणी दुसरीकडे वाट शोधते, कधी कुणाच्या खाचरात तर कधी कुणाच्या घरात.

तेव्हा आपल्या गावातही हे पिवळे फूल कुठे उभे आहे, ते यंदा पाहून ठेवा. पाण्याची जागा कोणती, हे ते दाखवते.