रकान्याचं नाव

शेजारच्या ताई लेकीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन भरत होत्या. शेवटचा दिवस. पडद्यावर लाल अक्षरांत आलं, 'डीओबी आवश्यक आहे'. त्या धावत आमच्याकडे. "सर, हा कुठला दाखला? आमच्याकडे नाही हो!" रडायच्याच बाकी होत्या. डीओबी म्हणजे जन्मतारीख! रकान्यावर तसं स्वच्छ मराठीत लिहिलेलंही होतं. तारीख घातली, अर्ज गेला. पण सूचनेत तोच शब्द का नसावा?

रात्री भाच्याला फोन लावला. तो प्रोग्रामर आहे. तो म्हणाला, "मामा, प्रत्येक रकान्याला आत एक नाव असतं, आमच्या सोयीचं. सूचनेचं वाक्य तयार असतं, त्यातल्या मोकळ्या जागी ते नाव आपोआप बसतं." तो लारावेल वापरतो. त्यात सूचनांच्या फाइलीत शेवटी 'अ‍ॅट्रिब्यूट्स' नावाची यादी असते. तिथे डीओबीसमोर 'जन्मतारीख' लिहायचं, की झालं! आतलं नाव बदलावंही लागत नाही.

झालं कसलं... जन्मभर मराठी शिकवलेलं डोकं गप्प बसेल तर ना! विचारलं, "तुझं वाक्य काय आहे?" म्हणाला, "अमुक भरला नाही." म्हणजे 'पत्ता भरला नाही' ठीक, पण 'जन्मतारीख भरला नाही'? 'नाव भरला नाही'? बरं, '-त चूक आहे' असं वाक्य ठेवलं तर 'पत्तात चूक आहे' होणार. 'पत्त्यात' हे सामान्यरूप यंत्राला कोण शिकवणार? इंग्रजी वाक्यात नुसतं नाव बदलून भागतं. मराठीत लिंग आणि विभक्ती दोन्ही आडव्या येतात.

शेवटी आम्ही वाक्यच बदललं: "'जन्मतारीख' हा रकाना रिकामा आहे." आता क्रियापद रकान्याशी जुळतं, नाव कुठलंही येवो. आणि ते मूळ रूपातच राहतं.

एवढ्याशा गोष्टीचा कीस काढला म्हणाल. पण वही तपासताना नुसती लाल फुली मारली तर मूल बावरतं. काय राहिलं ते त्याच्या शब्दांत लिहिलं, तर खोडून नीट लिहितं. अर्ज भरणारा माणूसही तसाच. न कळणारा शब्द दिसला की त्याला वाटतं, आपणच अडाणी. आणि तो अर्ज अर्ध्यावर सोडून देतो.