उसना घसा

बदलीच्या सामानात मनुष्य काय बरोबर नेतो, यावरून त्याची पारख करावी, असे मला पुष्कळदा वाटते. कोणी पितळेची भांडी नेतो, कोणी ज्ञानेश्वरीची जुनी प्रत नेतो. मी नागपूरहून रायपूरला आलो तो वडिलांची मोटार घेऊन. १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी; कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे वर्षानुवर्षे नंबर लावून मिळवलेली. ती विकावी, असे घरात सर्वांचे मत होते. विकू नये, असे माझे एकट्याचे. अशा बाबतीत बहुमताचा फारसा उपयोग होत नाही.

रायपुरात माझी कचेरी घरापासून जेमतेम दोन किलोमीटरांवर. या लहान फेऱ्यांनीच सायलेन्सरचा घात केला. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते. लांबच्या प्रवासात नळी तापते आणि वाफ बाहेर पडते. दोन किलोमीटरांत मात्र ती आतच थंडावते, आणि ते आंबट पाणी पत्रा आतून कुरतडत राहते. पावसाळा सरता सरता एका सकाळी गाडीने असा काही टाहो फोडला, की शेजारच्या वाड्यातली कबुतरे उडून गेली.

पद्मिनीचे उत्पादन २००० सालाच्या सुमारास थांबले. मूळ सायलेन्सर मिळेना. तेव्हा आमच्या मिस्त्रीने बुलेट मोटारसायकलचा सायलेन्सर पुढे केला आणि म्हणाला, “साहब, फिट हो जाही.” छत्तीसगढीतला हा ‘हो जाही’ मोठा दिलासा देणारा शब्द आहे; आपले ‘होईल’, ‘करू’ आणि ‘पाहू’ हे तिन्ही त्यात सुखाने नांदतात.

बसला खरा. नळ्यांची तोंडे जुळत नव्हती, तेथे त्याने निमुळता तुकडा वळवून जोडला. गाडी उभी असताना ती इतक्या घरंदाज आवाजात बोलू लागली, की मी मिशीत हसलो. परंतु ताशी पन्नासच्या पुढे तिला धाप लागे. कारण साधे होते. बुलेटचे इंजिन ३४६ घनसेंटिमीटरचे, एका सिलिंडरचे. पद्मिनीचे १०८९ चे, चार सिलिंडरांचे. फेरे सारखे धरले, तर हिचा धूर तिप्पट. सायलेन्सरच्या पोटात पडदे आणि भोके पाडलेल्या नळ्या असतात. त्यांवर आपटून आवाज दमतो, पण वायूचीही वाट अडते. अडलेला वायू सिलिंडरात मागे राहिला, की ताज्या मिश्रणाला तेवढी जागा कमी. तिघांचा श्वास एका घशातून कसा निघावा? मिस्त्रीने नळीला दोन फाटे फोडून दुसरा बुलेट-सायलेन्सर जोडला, आणि धाप थांबली.

मग तो म्हणाला, मोटारसायकलचा सायलेन्सर आखूड असतो. याची तोंडे मागच्या आसनाखालीच संपतात. पुढे शेपटी जोडून ती बंपरच्या बाहेर काढू द्या, दोन दिवस लागतील. मला माघी पौर्णिमेला आईला राजिमला न्यायचे होते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतला १२० वा नियम मी त्याला ऐकवला: वाहनाला आवाज कमी करणारे साधन हवे. साधन होते, आवाज कमी होता. नियमाच्या आधाराने नको ते काम टाळणे हा आपणा कचेरीतल्या लोकांचा हातचा मळ. तो गप्प राहिला.

पहाटेची थंडी; काचा बंद. अभनपूरच्या अलीकडे मागून आई म्हणाली, “अरे, डोकं फार जड झालंय.” मी म्हणालो, “उपवास आहे ना, त्यामुळं असेल.” चहासाठी थांबलो, तेव्हा तिच्या मांडीवर निजलेली आमची सात वर्षांची मुलगी हाका मारूनही उठेना. “अहो, हिला बाहेर घ्या आधी!” पत्नी ओरडली. उघड्या हवेत तिला ओकारी झाली. पंधरा मिनिटांनी तिने डोळे उघडून पाणी मागितले. ती पंधरा मिनिटे मी येथे लिहू शकत नाही.

डॉक्टरांनी सांगितले ते मला आधीच ठाऊक असायला हवे होते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो. धावत्या मोटारीच्या मागे हवेचा दाब उतरतो आणि गाडीखालचा धूर फटींतून आत येतो. आमच्या डिकीचे रबर केव्हाच तडकले होते.

मिस्त्रीने दोन दिवसांत शेपटी जोडली. मागच्या आसावरून वळवून, बंपरच्या चार बोटे बाहेर. डिकीचे रबरही बदलले. मी गाडीखाली आडवा होऊन प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावून पाहिला. कोठेही बुडबुडा आला नाही. “आता मुळीच भीती नाही,” असे मी आईला पटवून सांगितले. तिने मान डोलावली.

राजिमला आम्ही पुढच्या वर्षी गेलो. आई मागेच बसली, नातीला जवळ घेऊन. थंडी होती; तिने शाल डोक्यावरून घेतली आणि आपल्या बाजूची काच चार बोटे खाली केली. अजूनही करते. मी काही बोलत नाही.